झुकलेल्या खुंट्या

१

‘ज्याने कोणी माझ्या प्लेटला हात लावला आहे, त्याला विज्ञानाची नाही तर निदान स्वतःची तरी लाज वाटली पाहिजे.’

एका सोमवारी सकाळी इनक्यूबेटरच्या दारावर असा कागद चिकटलेला होता. खाली सही नव्हती, पण सहीची कुणाला गरजही नव्हती. एवढं ठसठशीत आणि एवढं चिडून लिहिणारी त्या प्रयोगशाळेत एकच व्यक्ती होती. तिला सगळे ताई म्हणत. घरी धाकटा भाऊ ताई म्हणायचा, म्हणून आई म्हणायची, आणि आईचे फोन ऐकून ऐकून इथल्या लोकांनीही तेच नाव उचललं होतं. आता प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमसुद्धा, वयाने तिच्या दुप्पट असून, तिला ताईच म्हणत.

ताईला दोन गोष्टींचा मनापासून तिटकारा होता. एक म्हणजे वाट बघणं आणि दुसरं म्हणजे ढिसाळ काम. जगातले निम्मे आजार औषधावाचून राहिले आहेत ते केवळ लोक ‘उद्या बघू’ म्हणतात म्हणून, असं ती जेवताना, लिफ्टमध्ये, कुठेही आणि कुणालाही ऐकवायची.

इनक्यूबेटरची किल्ली असायची गॅसकाकांकडे. सिलिंडर बदलणं, तापमान बघणं, दारं पुसणं ही त्यांची कामं. त्यांनी तो कागद दोनदा वाचला, काढला, दार पुसलं आणि परत लावला.

“रागाचं काय ते तुमचं तुम्ही बघा,” ते म्हणाले, “पण कागद वाकडा होता. सरळ केलाय.”

झालं होतं ते असं. तळहातावर मावेल अशा पारदर्शक प्लेटमध्ये आठ इवल्या वाट्या होत्या, चार वर आणि चार खाली. प्रत्येक वाटीत दोन रबरी खुंट्या, आणि दोन खुंट्यांमध्ये ताणून बसवलेला जिवंत माणसाच्या स्नायूचा एक धागा. तांदळाच्या दाण्याएवढा लांब, शिवणाच्या दोऱ्याएवढा जाड. माणसाच्या मांडीतून काढलेल्या पेशी वाढवून ताईने तो स्वतः तयार केला होता. धागा आखडला की दोन्ही खुंट्या एकमेकींकडे वाकतात. किती वाकल्या ते कॅमेरा मोजतो. तोच त्या धाग्याचा जोर.

स्नायूला एकच काम येतं, ओढायचं. ढकलणं त्याला बापजन्मात जमत नाही. म्हणजे वाटीतल्या खुंट्या एक तर सरळ उभ्या राहतील, नाही तर एकमेकींकडे वाकतील. पण त्या सकाळी खालच्या ओळीतल्या चारही वाट्यांत दोन्ही खुंट्या एकाच बाजूला कलल्या होत्या. वाऱ्याने पीक लवावं तशा, वरच्या ओळीकडे.

आता त्या बंद, दमट, माणसाच्या अंगाइतक्या उबदार पेटीत वारा कुठून येणार? कुणीतरी प्लेट उचलली, धसमुसळेपणाने ठेवली, धक्का बसला, एवढंच. ताईने खुंट्या निरखल्या. पाच मिनिटांनी त्या सरळ झाल्या. मग तिने कागद लिहायला घेतला.

२

वरच्या ओळीतले चार धागे धाकट्याचे होते.

धाकटा ताईहून चार वर्षांनी लहान. तो बारा वर्षांचा असताना जिना चढताना गुडघ्यावर हात ठेवून स्वतःला वर ढकलू लागला, आणि तपासण्यांच्या फेऱ्यांनंतर डॉक्टरांनी सांगितलं की याचे स्नायू झिजत जाणार. आधी पाय, मग हात. त्या दिवशी सोळा वर्षांच्या ताईने दवाखान्याच्या पायरीवर बसून ठरवलं की आपण काय व्हायचं. बाकीच्या मुली अजून आरशातच होत्या.

धाकट्याचे पाय आता काठीवर आले होते, पण हात शाबूत होते, आणि हातांवरच त्याचं सगळं चाललं होतं. तो घड्याळं दुरुस्त करायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या तीन खोल्यांपैकी रस्त्याकडची खोली त्याची. खिडकीशी टेबल, डोळ्याला भिंग, चिमट्याच्या टोकावर मुंगीच्या डोक्याएवढा स्क्रू. चहूकडे टिकटिक. आईला ती ऐकू यायची बंद झाली होती आणि घड्याळं थांबली तरच ती दचकायची. पण गेल्या वर्षापासून चिमटा कधीमधी हातातून सुटू लागला होता. डॉक्टरांनी दोन वर्षं म्हटली होती. मग स्क्रू धरता येणार नाही. त्यानंतर चमचा.

ताईच्या प्रयोगाचा प्रश्न साधा होता. झिजणाऱ्या स्नायूला रोज बेताचा व्यायाम दिला तर झीज थांबते की वाढते? जित्या माणसावर हे करून बघायची कुणाची छाती होणार? धाग्यावर करता येतं. म्हणून धाकट्याने मांडीचा तुकडा दिला आणि तुलनेसाठी निरोगी स्नायू हवा म्हणून ताईने स्वतःचा. वरची ओळ त्याची, खालची तिची. रोज सकाळी वीस मिनिटं प्लेटवर तारांचं झाकण बसायचं. त्याच्या अर्ध्याच भागात तारा होत्या. त्यातून विजेचा हलका झटका द्यायचा, सेकंदाला एक, टक, टक, टक. धाकट्याचे धागे जोर काढायचे. ताईचे बाजूला आरामात पडून असायचे.

संध्याकाळी ती घरी आली की धाकटा मान वर न करता विचारायचा, माझे धागे काय म्हणतात? ती सांगायची. तो म्हणायचा की मी इथे लोळतोय आणि माझा स्नायू तिकडे घाम गाळतोय, याहून मोठी चैन जगात नाही.

कागद लावला त्या संध्याकाळी आई स्वयंपाकघरात एका बरणीशी झटत होती. झाकण घट्ट बसलं होतं. ताईने घेतली, दात ओठ खाऊन पिळली, रुमाल लावून पिळली. हललं नाही. धाकटा काठी टेकत पाण्यासाठी आत आला, बरणी घेतली आणि बोलता बोलता उघडून परत दिली.



“मी सैल करून ठेवलं होतं,” ताई म्हणाली.

“हो तर,” धाकटा म्हणाला. “सगळं तूच करतेस. श्रेय तेवढं चुकून मला मिळतं.”

आई हसता हसता पदराने डोळे पुसू लागली. त्या रात्री जेवताना सगळे जरा जास्तच बोलत होते. बरेच दिवसांनी घर भरल्यासारखं वाटलं.

३

पुढचे तीन आठवडे ताईच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे असावेत.

वरची ओळ बाळसं धरू लागली. धागे जाड झाले, त्यांच्यातले आडवे पट्टे मायक्रोस्कोपखाली रेखल्यासारखे दिसू लागले, खुंट्या दिवसागणिक जास्त वाकू लागल्या. मॅडम कौतुकाच्या बाबतीत हात आखडता घेणाऱ्या. त्यांनीही आलेख बघून “बरं आहे” म्हटलं, आणि प्रयोगशाळेत ही बातमी दुपारपर्यंत पसरली. घरी धाकट्याने जिन्याच्या पहिल्या टप्प्यापर्यंत काठी न घेता जाऊन दाखवलं. ताईने त्याला बजावलं की प्लेटमधल्या धाग्यांचा आणि तुझ्या पायांचा काडीचा संबंध नाही, ते फक्त नमुने आहेत, तू हुरळून जाऊ नकोस. त्याने मान डोलावली आणि दुसऱ्या टप्प्यापर्यंत गेला.

एकच गोष्ट खटकत होती. खालची ओळ, तिची स्वतःची, निरोगी, बारीक होत चालली होती. चार धाग्यांचा जोर रोज थोडा थोडा उतरत होता. ताईने कारणं लिहून काढली. मीडियम, म्हणजे ज्या गुलाबी पाण्यावर हे धागे जगतात ते, तिकडे कमी पोचत असेल. पेशी जुन्या झाल्या असतील. निरोगी स्नायूला नुसतं बसवून ठेवलं तर तो सुकतोच, हेही खरं. कारणं पुरेशी होती. पण सकाळी दार उघडलं की त्या ओळीतल्या खुंट्या वरच्या बाजूला कललेल्या असायच्या आणि पाच मिनिटांत सरळ व्हायच्या. वर्गात शिक्षक आले की पोरं सावरून बसतात तशा.

तिने गॅसकाकांना विचारलं की दाराला धक्का बसतो का. त्यांनी पेटीवर पाण्याचा पेला ठेवला, दार आपटलं आणि पाणी दाखवलं. हललं नव्हतं. इनक्यूबेटरचा पंखा तेवढा आत घूं करत होता.

“तुमचा कागद काढू का आता?” काकांनी विचारलं. “येणारा जाणारा माझ्याकडे चोर असल्यासारखं बघतो.”

ताई म्हणाली, राहू दे अजून.

त्याच दिवशी मीडियमच्या बाटलीचं बूच तिला उघडेना. काकांनी उघडून दिलं. संध्याकाळी जिन्यावर तिच्या डाव्या पायातली चप्पल दोनदा मागे राहिली. काम फार झालंय, ती स्वतःला म्हणाली, झोप कमी पडतेय. वर पोचली तेव्हा आई दारात उभी राहून तिच्याकडे टक लावून बघत होती.

“काय झालं?”

“तू चेष्टा करतेस का त्याची?” आईचा आवाज कडक होता. “अशी गुडघ्यावर हात ठेवून चढतेस ती? त्याला दिसलं तर काय वाटेल?”

ताईने खाली बघितलं. तिचा हात खरंच गुडघ्यावर होता.

४

चूक सापडली ती एका शुक्रवारी दुपारी, आणि तीसुद्धा अहवालासाठी फोटो निवडताना.

प्लेटचा एक कोपरा छाटलेला असतो. छाटलेला कोपरा डावीकडे वर, हे या धंद्यातलं पहिलं अक्षर. प्लेट फिरली की वरची ओळ खाली आणि खालची वर. तारांच्या झाकणाची लाल वायर त्या छाटलेल्या कोपऱ्याकडेच यायला हवी, म्हणजे तारांचा अर्धा भाग धाकट्याच्या ओळीवर बसतो. ताईने पहिल्या दिवसाचा फोटो उघडला. लाल वायर समोरच्या कोपऱ्याकडे होती. दुसऱ्या दिवशीही. विसाव्या दिवशीही.

मग तिला आठवलं. इनक्यूबेटरचं वायरीचं भोक मागच्या बाजूला आहे. पहिल्या दिवशी वायर तोकडी पडली. लांब वायर आणायला कोण जातंय, म्हणून तिने झाकणच फिरवलं. आता खालची प्लेटही फिरवली की झालं, असं म्हणत ती हात घालणार तेवढ्यात आईचा फोन आला. धाकटा न्हाणीघरात पडला होता. ती तशीच धावली. दुसऱ्या दिवशी सगळं बसवलेलं होतं, वायर पोचत होती, हाताला सवय लागली. प्लेट कधी फिरलीच नाही.

तिने मोजमापाचे आकडे पुन्हा पुन्हा तपासले. कॅमेरा वाट्यांचे क्रमांक प्लेटवरून वाचतो, झाकणावरून नाही. ते बरोबर होते. म्हणजे महिनाभर झटके खात होते ते तिचे स्वतःचे धागे. राबत होती ती खालची ओळ आणि पोसली जात होती वरची, जिला कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

ती उठली, इनक्यूबेटरपाशी गेली आणि दारावरचा कागद काढून त्याची घडी करून खिशात घातली. गॅसकाका सिलिंडरवर किल्ली फिरवत होते.

“सापडला चोर?”

“सापडला,” ताई म्हणाली. “काका, मला माफ करा.”

त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं आणि किल्ली पुन्हा फिरवायला घेतली.

५

शनिवारी सकाळी तिने झाकण सरळ बसवलं. लांब वायर आणली होती. आता झटके धाकट्याच्या ओळीला, कागदावर लिहिलं होतं तसे. मॅडमना सोमवारी सगळं सांगायचं ठरलं. सोमवार आला तेव्हा मॅडम बाहेरगावी गेल्या होत्या, आणि ताईला मनातून सुटल्यासारखं वाटलं.

सोमवारी सकाळी ती जिना धावत उतरली. धावतोय हे तिला खाली पोचल्यावर कळलं. अंगात तरतरी होती. बाटलीची बुचं उघडत होती. खालच्या ओळीच्या खुंट्या सरळ उभ्या होत्या, अगदी शहाण्यासारख्या.

संध्याकाळी घरी आली तर धाकट्याच्या खोलीत दिवा नव्हता. तो टेबलाशी हात मांडीवर ठेवून बसला होता. आईने दारातच खूण केली. सकाळपासून चिमटा धरता आला नाही, तिने कुजबुजत सांगितलं. एका बाईचं घड्याळ उघडलं होतं, त्याचे भाग तसेच कापडावर पडलेत. शर्टची बटणं मी लावली. जेवताना चमचा सुटला तेव्हा म्हणाला, आज चमच्याचा मूड नाही.

ताईने जवळ स्टूल ओढलं. अशा आजारात चढउतार असतातच, तिने समजावलं. ते खरंही होतं. पुस्तकात हेच लिहिलं होतं, आणि तिने स्वतः दहा रुग्णांच्या नोंदी वाचल्या होत्या. तीन दिवसांवरून काहीही सिद्ध होत नाही. आठ वाट्यांवरूनही होत नाही.

“ताई,” तो मध्येच म्हणाला, “मला खरं सांग. मधला महिना होता ना, तो परत येईल?”

त्याने हे हसत विचारलं नव्हतं. दहा वर्षांत पहिल्यांदाच तो विनोद करायला विसरला होता.

मंगळवारी सकाळी आठ वाजता ताईने झाकण फिरवलं. लाल वायर समोरच्या कोपऱ्याकडे. या वेळी नीट बघून, आणि वहीत तारीख वार घालून.

६

गुरुवारी दुपारी प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. गॅसकाका जेवायला गेले होते. ताईने झटक्यांचं यंत्र बंदच असल्याची खात्री केली, वायर काढून टेबलावर ठेवली, प्लेट मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि खालच्या ओळीवर भिंग आणलं. खुंट्या सरळ. धागा स्वस्थ. एसीची घरघर तेवढी ऐकू येत होती.

आईचा फोन आला. तिने तो स्पीकरवर टाकून बाजूला ठेवला. आई आनंदाने नुसती ओसंडत होती. सकाळपासून बसलाय, दोन घड्याळं हातावेगळी केली, आणि आता ते भिंतीवरचं चावीचं धूड घेतलंय, गिऱ्हाईकाला म्हणायचा ना की माझ्याने चावी फिरणार नाही, ते. थांब, ऐकवते तुला.

पावलं. टिकटिक जवळ आली. मग फोनमधून आवाज आला.

कर्र.

भिंगाखाली दोन्ही खुंट्या कलल्या. वरच्या ओळीकडे. हळूच, एकत्र.

 टेबल हादरलं असेल, ताईने विचार केला. फोनचा आवाज, टेबल, प्लेट. तिने फोन उचलून हातात धरला.

कर्र. खुंट्या कलल्या. थांबल्या. कर्र. कलल्या.

तिने फोन कानाला लावला आणि स्पीकर बंद केला. आता आवाज तिच्या कानाबाहेर कुठेच नव्हता. कर्र. कलल्या. तिने दुसरी वाटी बघितली, तिसरी, चौथी. चारही ठिकाणी तेच, एकाच क्षणी. दोरीच्या पलीकडच्या टोकाला कुणीतरी बेताबेताने ओढावं तसं. धागा आपणहून आखडत नव्हता. तो ताणला जात होता. मग तिने प्लेट वरच्या ओळीकडे सरकवली. तिथे जाडजूड, दणकट धागे आखडत होते आणि खुंट्या एकमेकींकडे वाकत होत्या, कर्र, कर्र.

फोनमध्ये धाकटा थांबला. दम खात असावा. खालच्या ओळीत खुंट्या उभ्या राहिल्या. त्या पूर्ण सरळ झाल्या नाहीत. वाट बघत होत्या.

“आई, बघ हं,” दूरवरून त्याचा आवाज आला, “आता एका हाताने.”

चारही वाट्यांतल्या खुंट्या पार आडव्या झाल्या. ताईच्या उजव्या हातातून कोपरापासून बोटांपर्यंत काहीतरी सैल होत निघून गेलं, खांद्यावरची जड पिशवी कुणीतरी आपणहून काढून घ्यावी तसं. फोन तिच्या हातातून मांडीवर पडला. मांडीवरूनही आईचं बोलणं बारीक ऐकू येत होतं, त्याचं हसणंही.

तिने घाबरायला हवं होतं. थोडी घाबरलीही. पण खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. ती तशीच बसून राहिली, त्या हसण्याचा आवाज संपेपर्यंत, आणि मग डाव्या हाताने फोन उचलला.

७

मॅडम परतल्या त्या दिवशी ताईने सगळं सांगितलं. म्हणजे झाकणाचं सांगितलं. चावीच्या घड्याळाचं नाही. ते कुठल्या रकान्यात लिहायचं हे तिला कळलं नव्हतं.

मॅडमनी फोटो एकेक करून बघितले. त्या रागावतील, निदान तिनेच लावलेल्या कागदाची आठवण करून देतील, असं ताईला वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढला.

“म्हणजे भावाच्या धाग्यांना व्यायाम मिळालाच नाही.”

“नाही.”

“मग जोर आला कुठून?”

ताई फोटो परत ओळीने रचू लागली.

“तुमच्या धाग्यांतून काहीतरी पाझरत असणार,” मॅडम म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकत होते. “एकाच मीडियममध्ये नाहीत, तरीही. कसं ते नंतर बघू. आधी परत करा. या वेळी चुकून नाही, ठरवून. झटके तुमच्या ओळीला. आणि आठ वाट्या नकोत, चोवीस करा.”

जुनी प्लेट नियमाप्रमाणे फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे पेशी मारून त्या जतन करणाऱ्या द्रावात, जायची होती. ताईने नवी प्लेट तयार होईपर्यंत ती चालू ठेवायची परवानगी मागितली. मॅडमनी कशासाठी म्हणून विचारलं. तुलनेसाठी, ती म्हणाली. या प्रयोगशाळेत ती बोललेलं हे पहिलं खोटं.

धाकट्याच्या पेशी गोठवून ठेवलेल्या भरपूर होत्या. तिच्या संपल्या होत्या. म्हणजे पुन्हा मांडीतून काढायच्या, आणि चोवीस वाट्या म्हटल्यावर तुकडा मोठा लागणार. मॅडमनी तेवढ्यापुरता काळजीचा सूर लावला. तब्येत बरी नाही वाटत तुमची, दुसरा कुणी निरोगी माणूस बघू या का?

“दुसरा कशाला,” ताई म्हणाली. “मी आहे की.”

प्रयोगशाळेतून बाहेर पडताना ती कठड्याला धरून चालत होती आणि गुणगुणत होती. गॅसकाकांनी तिला गुणगुणताना आजवर ऐकलं नव्हतं. त्यांनी लिफ्टचं बटण दाबून ठेवलं.

सकाळी घरी काय चाललं होतं ते तिला आठवत होतं. धाकटा काठी छत्र्यांच्या कोपऱ्यात ठेवून रस्त्यापलीकडच्या दुकानापर्यंत एकटा जाऊन आला होता. आई खिडकीत उभी राहून त्याची पाठ बघत होती आणि चहा उतू गेला तरी हलली नव्हती. एवढं एका घरात पुरेसं असतं, ताईला वाटलं. ते कुठून आलं याची चौकशी करण्यात तिने सगळं आयुष्य घालवायचं ठरवलं होतं, आणि घालवणारही होती. फक्त घाई नव्हती. तिला स्वतःचंच नवल वाटलं.

८

दवाखान्यात धाकटा तिच्याबरोबर आला. येऊ नको म्हटलं तरी आला. तिची पिशवी त्याच्या खांद्यावर होती आणि जिन्यावर तो दोन पायऱ्या पुढे उभा राहून हात देत होता.

“चल, म्हातारे,” तो म्हणाला. “माझ्या वेळी तू मला काय काय बोलायचीस ते सगळं लिहून ठेवलंय मी. एकेक परत करणार.”

“कर,” ती म्हणाली. “पण पिशवी नीट धर. आत डबा आहे.”

त्याला बाहेरच्या बाकावर बसवून ती आत गेली. पांढरी खोली, उंच टेबल, कडेला ट्रे. डॉक्टर कमी बोलणारे होते, त्याची भरपाई नर्स करत होती. डावी मांडी पुसता पुसता तिने विचारून घेतलं की बाहेरचे तुमचे कोण, भाऊ का, किती हसरे आहेत, कसली घड्याळं करतात, माझं एक बंद पडलंय.

भुलीच्या सुईची ताईला थोडी भीती होती. मागच्या वेळी ती फार जळजळली होती, निखारा टेकवल्यासारखी. तिने डोळे मिटले आणि टेबलाची कड धरली.

“सांगा हं दुखलं तर,” नर्स म्हणाली.

ताई वाट बघत राहिली. खोलीत भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता. थोड्या वेळाने तिने विचारलं की सुरू कधी करणार.

डॉक्टरांनी वर बघितलं. भुलीची सुई कधीच देऊन झाली होती. नमुन्याची जाड सुईही आत होती.

“काहीच जाणवलं नाही?”

“नाही.”

काहींना जाणवत नाही, डॉक्टर म्हणाले, आणि कामाला लागले. ताईने मान वळवून पाहिलं. तिच्या मांडीत सुई होती, ती फिरत होती, आणि ते सगळं कुणा दुसऱ्याच्या मांडीत चालल्यासारखं ती निवांतपणे पाहत होती. भूल चांगली लागली, तिने विचार केला. मात्रा जास्त असेल. सुई देणाऱ्याचा हात हलका असेल. कारणं पुरेशी होती. लालसर तुकडा बशीतल्या गुलाबी पाण्यात पडला आणि तळाशी जाऊन स्थिरावला. मोठा होता. चोवीस वाट्यांना सहज पुरला असता. त्या तुकड्याकडे बघताना तिला मनापासून समाधान वाटलं.

तेवढ्यात बाहेर काहीतरी पडल्याचा आवाज झाला. डब्याचा असावा. नर्स बघायला गेली. डॉक्टरांनी पट्टी चिकटवली, हात धुतले आणि दुसऱ्या दाराने निघून गेले. ताई एकटीच छताकडे बघत पडून राहिली.

नर्स परत आली ती हसत हसत, पदरानेच हात पुसत.

“काही नाही हो, तुमचे भाऊ. एकदम डावी मांडी दाबून खालीच बसले. पाणी दिलंय, पण अजून घाम फुटलाय, आणि मला म्हणतायत, आत जाऊन जरा विचारून या, सुई काढली का.”